धातू हरवलेली समीक्षा

१

साहित्यसिद्धान्ताविषयीची कोणतीही चर्चा मराठीत सुरू झाली, की थोड्याच वेळात एक तक्रार ठरल्याप्रमाणे पुढे येते. तक्रार अशी : इंग्रजीत ‘प्ले’, ‘वर्क’, ‘ट्रेस’, ‘फ्रेम’, ‘सब्जेक्ट’ हे शब्द नामही असतात आणि क्रियापदही असतात, त्यामुळे वस्तू आणि व्यापार यांच्यातील सीमारेषा पुसू पाहणारा विचार त्या भाषेत सहज मांडता येतो, मराठीत मात्र नामाला ‘करणे’ची काठी दिल्यावाचून एक पाऊल टाकता येत नाही, म्हणून तोच विचार मराठीत आला की लंगडतो. ही तक्रार मी उजळणी वर्गांत ऐकली आहे, प्रबंधांच्या प्रस्तावनांत वाचली आहे, आणि काही वर्षे विद्यार्थ्यांपुढे मी स्वतःही ती केली आहे. ती चुकीची आहे, असे आता मला वाटते. आणि चुकीची असूनही ती टिकून आहे याचे कारण ती अतिशय सोयीची आहे. आपल्या गद्यातील आळसाचे खापर तिच्यामुळे भाषेच्या माथी फोडता येते.

एक प्रसंग नोंदवतो. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने एका आत्मकथनावर लिहिलेल्या निबंधात एक वाक्य होते : ‘गावचा पाटील हाक मारतो तेव्हा लेखकाचा बाप अंग चोरून उभा राहतो.’ मी ते खोडले आणि समासात लिहिले : ‘येथे सत्तासंबंधांच्या अंतर्गतीकरणाचे दर्शन घडते.’ तिने दुरुस्ती निमूटपणे स्वीकारली आणि तिला गुणही चांगले मिळाले. पुढे बऱ्याच काळाने तो कागद पुन्हा हाती आला तेव्हा ध्यानात आले, की माझ्या वाक्यातून पाटील नाहीसा झाला होता, बाप नाहीसा झाला होता, हाक नाहीशी झाली होती आणि अंग चोरणेही नाहीसे झाले होते. उरले होते ‘दर्शन’. आणि तेही कोणी घडवले नव्हते, ते आपोआप ‘घडत’ होते. सिद्धान्ताच्या नावाने मी त्या वाक्यातील सारा विचार काढून टाकला होता. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. इंग्रजीतील उभयान्वयी दिसणाऱ्या शब्दांचा प्रश्न मला त्याच्याच निमित्ताने तपासावासा वाटतो.

२

प्रथम इंग्रजीविषयी. नाम आणि क्रियापद यांचे एकरूप होणे हा इंग्रजीच्या प्रतिभेचा चमत्कार नव्हे. तो बऱ्याच अंशी झिजेचा परिणाम आहे. प्राचीन इंग्रजीत ही रूपे वेगळी होती. प्रेम या अर्थाचे नाम ‘लुफु’ होते आणि प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद ‘लुफिअन’ होते. उत्तर या अर्थाचे नाम ‘आन्ड्स्वारु’, तर क्रियापद ‘आन्ड्स्वारिअन’. शब्दाच्या अंती असलेले स्वर आणि प्रत्यय मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात क्षीण होत गेले, पुढे ते उच्चारातून गळाले, आणि दोन्ही रूपे ‘लव्ह’ व ‘आन्सर’ या एकाच ध्वनिरूपाशी येऊन थांबली. जुळलेल्या अशा असंख्य जोड्या कानावर पडू लागल्यावर बोलणाऱ्यांनी नवी रूपेही त्याच वळणाने घडवली. शेक्सपिअरच्या काळात ही मोकळीक इतकी वाढलेली होती, की ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकातील एक पात्र ‘अंकल’ या नात्याच्या नावाचेही क्रियापद करून टाकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री स्वीट यांनी या प्रक्रियेचे व्याकरणात रीतसर वर्णन केले. नंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी तिला शून्यप्रत्ययाने होणारी साधना असेही म्हटले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. असा शब्द ‘एकाच वेळी’ नाम आणि क्रियापद असतो, हे विधान कोशापुरते खरे आहे, वाक्यापुरते नाही. वाक्यात आल्याबरोबर त्याची जात ठरते : आधी उपपद आले तर नाम, आधी कर्ता आला तर क्रियापद. प्रत्ययांनी जे काम सोडले ते इंग्रजीत शब्दक्रमाने उचलले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत उपपदे गाळली जातात तेव्हा क्षणभर घोटाळा होतो, आणि कवी तो घोटाळा मुद्दाम लांबवू शकतो. परंतु तो त्या रचनेचा पराक्रम असतो, शब्दाचा अंगभूत गुण नव्हे. काही जोड्यांत तर ध्वनीही भेद राखून आहे. ‘सब्जेक्ट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘रेकॉर्ड’ यांच्या नामात आघात पहिल्या अक्षरावर पडतो आणि क्रियापदात दुसऱ्यावर. छापील पानावर एकरूप दिसणारा शब्द तोंडात येताच दुभंगतो. आपण इंग्रजी प्रामुख्याने पानावर वाचतो, म्हणून आपल्याला तो अभंग वाटतो, एवढेच.

आणि या मोकळिकीमुळे इंग्रजी सिद्धान्तगद्य प्रवाही झाले आहे काय? ज्यांनी ते मुळातून वाचले आहे त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे. ‘-आयझेशन’ आणि ‘-इटी’ यांनी अंत पावणाऱ्या नामांची जेवढी गर्दी या गद्यात आहे तेवढी इतरत्र क्वचित असेल. साध्या क्रियापदाच्या जागी नाम आणि एखादे भरताड क्रियापद योजण्याच्या खोडीवर जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्येच टीका केली होती. म्हणजे ज्या भाषेला ही देणगी लाभली म्हणून आपण तिचा हेवा करतो, त्या भाषेतही हा रोग आहे. मग रोगाचे कारण देणगीच्या अभावात शोधण्यात काय हशील?

३

या तक्रारीतील सर्वांत मोठी गफलत पुढेच आहे. ज्या विचाराची इंग्रजीशी आपण सांगड घालतो तो बहुतांशी इंग्रजीत जन्मलेलाच नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जो प्रसिद्ध परिसंवाद झाला त्यात देरिदा यांनी रचना, चिन्ह आणि ‘प्ले’ यांविषयीचा निबंध वाचला. परंतु त्यांचा शब्द ‘प्ले’ नव्हता, ‘ज्य’ होता. फ्रेंचमध्ये ‘ज्य’ हे नाम आहे आणि खेळणे हे क्रियापद ‘झुए’ असे वेगळे आहे. आपण ज्या उभयरूपतेवर भाळतो ती या ठिकाणी भाषांतराने बहाल केलेली आहे. 

उलट, १९६८ च्या व्याख्यानात देरिदा यांनी जो बहुचर्चित शब्द विवरला त्याचा उगम नाम आणि क्रियापद यांच्या फ्रेंचमधील फारकतीत आहे. ‘दिफेरे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : भिन्न असणे आणि पुढे ढकलणे. त्याचे रूढ नाम ‘दिफेरांस’ मात्र पहिलाच अर्थ सांगते. दुसरा अर्थ नामात येईतो गळून पडतो. हा गळालेला अर्थ परत मिळवण्यासाठी, आणि कर्तरी व कर्मणी यांच्या मध्ये कोठेतरी तोलून राहणारे नाम हवे म्हणून, त्यांनी एक स्वर बदलला. तो बदल डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येत नाही. म्हणजे सिद्धान्ताला येथे उभयरूप शब्द आयता मिळालेला नाही. आपल्या भाषेची फट त्याने पाहिली, आणि त्या फटीतच त्याने विचार केला.

त्याच परिसंवादात रोलाँ बार्थ यांनी ‘लिहिणे’ हे अकर्मक क्रियापद आहे काय, असा प्रश्न विचारला. त्यांच्या प्रतिपादनातील मध्यवर्ती उदाहरण संस्कृतचे आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी मोठ्याने सांगत नाही. मेये आणि बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञांच्या आधारे त्यांनी ‘यजति’ आणि ‘यजते’ यांतील भेद समोर ठेवला : पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा परस्मैपद, यजमान स्वतःसाठी करतो, क्रियेच्या आत राहून तिने स्वतः प्रभावित होतो, तेव्हा आत्मनेपद. आधुनिक लेखकाचे लिहिणे या दुसऱ्या प्रकारचे आहे, लिहिणारा लिहिण्याच्या बाहेर उभा नसतो, असे त्यांचे म्हणणे. क्रियापदाच्या एका पदभेदातून उभा राहिलेला हा विचार मराठीत आला तो मात्र ‘लेखन’ या नामाच्या पेटीत बंद होऊन. आत्मनेपद पॅरिसमार्गे परत आले आणि आपण त्याची पोच नामाच्या पावतीवर दिली.

फ्रेंच भाषेची एक वेगळी सोयही लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे काही क्रियापदांचे मूळ रूपच नाम म्हणून चालते. फूको यांचा ‘पुव्हार’ हा शब्द सत्तेचे नाव आहे आणि ‘शकणे’ या अर्थाचे क्रियापदही आहे; ‘साव्हार’ हे ज्ञानही आहे आणि जाणणेही आहे. येथे इंग्रजीची झीज झालेली जोडी नाही. क्रियापद आपले क्रियापदपण न सोडता नामाच्या जागी येऊन बसले आहे. आणि हीच सोय आपल्या भाषेत किती मुबलक आहे!

४

मराठीकडे काय आहे, याचा हिशोब आता मांडू. तिची पहिली मिळकत म्हणजे अविकृत धातूचेच नाम झालेले शब्द. खेळ, नाच, मार, बोल, समज, ओळख, जोड, तोड, वाढ, धाव, ओढ, जाण : ही सारी नामे आहेत आणि याच रूपात ती धातूही आहेत. ‘खेळ’ हे मुलाला सांगितले तर आज्ञार्थी क्रियापद होते आणि ‘खेळ संपला’ म्हटले तर नाम होते. इंग्रजी ‘प्ले’विषयी जे जे कौतुकाने सांगितले जाते ते ते ‘खेळ’विषयी सांगता येते. तरीही अर्थाच्या ‘क्रीडे’विषयी आपण परिच्छेदामागून परिच्छेद लिहितो, अर्थ खेळतो, असे एकदाही लिहीत नाही. 

दुसरी मिळकत नामधातूंची. हातापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे, रागापासून रागावणे, डोक्यापासून डोकावणे, पाण्यापासून पाणावणे, स्थिरपासून स्थिरावणे. संस्कृत नामांनाही मराठीने ‘करणे’ची वाट न पाहता धातू करून घेतले आहे : अनुभवणे, वर्णणे, त्यागणे, आरंभणे, विस्तारणे, स्वीकारणे, नाकारणे, उपदेशणे, प्रतिपादणे. आणि ही पचनशक्ती संस्कृतापुरती नव्हती. ‘बदल’ हा अरबी शब्द. मराठीत तो नामही झाला आणि ‘बदलणे’ हा धातूही झाला. ‘खर्च’ आणि खर्चणे, ‘शरम’ आणि शरमणे याच वाटेने आले. फारसीच्या दरबारी अमलाखाली असताना मराठीने परके शब्द धातुपाठात घेतले. इंग्रजी शब्दांना मात्र ती जवळजवळ नेहमीच ‘करणे’ आणि ‘होणे’ यांच्या ओसरीवर बसवते. मोबाइल फोन आल्यावर ‘टेक्स्ट’ हे नाम इंग्रजीत सर्रास क्रियापद म्हणून वापरले जाऊ लागले; आपण अजून ‘टेक्स्ट करतो’. हा दोष मराठीच्या रचनेचा असता तर ‘बदलणे’ झाले नसते.

तिसरी मिळकत सर्वांत मोठी आहे, आणि ती इतकी उघड्यावर आहे की दिसत नाही. मराठीतील प्रत्येक धातूचे ‘-णे’ हे रूप नपुंसकलिंगी नाम आहे. त्याचे बोलणे, तिचे हसणे, आमचे जगणे. कोशातील क्रियापदाची नोंदच मुळी आपण या नामरूपाने करतो. ‘जगणे’ला विभक्ती लागते, विशेषण लागते, त्याला कर्ता आणि कर्मही घेता येते : ‘तिने पत्र लिहिणे’ आणि ‘तिचे पत्र लिहिणे’ यांतील सूक्ष्म भेद आपल्याला बोलता बोलता साधतो. ‘लेखन’ ही झालेली गोष्ट आहे, ती कपाटात ठेवता येते. ‘लिहिणे’ चालू असते. फ्रेंच सिद्धान्तकारांना ‘पुव्हार’ आणि ‘साव्हार’ यांत जे लाभले ते आपल्याला सगळ्या धातुपाठात लाभले आहे.

यास्काने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. आख्यातात भाव प्रधान असतो आणि नामात सत्त्व, एवढेच सांगून तो थांबत नाही. पूर्वापर क्रमाने वाहणारी क्रिया आख्यात सांगते, आणि तीच क्रिया आरंभापासून अंतापर्यंत एकत्र गोठून मूर्त झाली की नाम तिला सांगते, असे तो ‘जाणे’ आणि ‘शिजवणे’ यांच्या उदाहरणांनी दाखवतो. सर्व नामे धातूंपासूनच निघाली आहेत, हा शाकटायनाचा पक्षही त्याने नोंदवला आहे आणि तो न मानणाऱ्या गार्ग्याचाही. शून्यप्रत्यय ज्याला म्हणतात त्याचीही आपल्याला अपूर्वाई वाटण्याचे कारण नाही. पाणिनीय परंपरेतील ‘क्विप्’ हा प्रत्यय लागतो आणि समूळ लोपतो. त्याने धातूचे नाम होते, आणि वार्तिककारांच्या मते आचार या अर्थी तो कोणत्याही नामाला लागून त्याचा धातूही होतो. कृष्णासारखा वागतो तो ‘कृष्णति’. ‘अंकल’चे क्रियापद करणाऱ्या शेक्सपिअरच्या पात्राला ही युक्ती पाहून नवल वाटले नसते.

हे सारे ‘आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्यासाठी सांगितले नाही. तो पवित्रा मला तक्रारीइतकाच निरुपयोगी वाटतो. मुद्दा इतकाच, की जी साधने वापरात आहेत त्यांचा अभाव असल्याचे सोंग विद्वानांना शोभत नाही.

५

साधने वापरली तर काय घडू शकते, याची दोन-तीन उदाहरणे देतो. ‘अंतर’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ फरक असा आहे, दोन ठिकाणांमधील लांबी असा आहे, आणि ‘काही दिवसांच्या अंतराने’ म्हणताना काळातील अवकाश असाही आहे. त्याचा धातू ‘अंतरणे’ म्हणजे मुकणे, दुरावणे. भेद, लांबणीवर पडणे आणि हातून निसटणे ही तिन्ही सूत्रे ज्या नामधातूच्या जोडीत आहेत, तिचा देरिदांच्या संदर्भात निदान विचार व्हावयास नको काय? हाच पर्याय रूढ व्हावा असा माझा आग्रह नाही. पर्याय शोधताना आपण धातूंकडे पाहतच नाही, अशी माझी फिर्याद आहे.

‘सब्जेक्ट’ची कथा अधिक गंभीर आहे. लॅटिन मुळाप्रमाणे तो ‘खाली टाकलेला’ आहे. राजाची प्रजा, चर्चेचा विषय, व्याकरणातील वाक्याचा धनी आणि अंकित करणे ही क्रिया, हे सारे त्या एका शब्दात वसते. ‘सब्जेक्ट आणि सत्ता’ यांवरील फूको यांचा १९८२ चा निबंध या दुहेरीपणावरच उभा आहे. आपण त्याला ‘कर्ता’ म्हणतो तेव्हा ‘कृ’ धातूमुळे नेमका उलटा अर्थ सांगतो : जो अंकित झाल्यामुळेच उभा राहतो त्याला आपण स्वतंत्रपणे करणारा ठरवतो. शब्दाला शब्द शोधण्याच्या नादात एक गोष्ट निसटते, की कर्त्याला केंद्रावरून हलवणारे व्याकरण मराठीला परके नाही. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात क्रियापद भीतीच्या हुकमाने चालते. ज्याला वाटते तो चतुर्थीत उभा असतो. ‘मला कविता सुचली’ म्हणताना ‘सुचली’ हे स्त्रीलिंगी रूप कवितेशी जुळते, कवीशी नव्हे. भावे प्रयोगात तर क्रियापद ना कर्त्याचे ऐकते ना कर्माचे. लेखकाच्या मृत्यूविषयी बोलताना ‘सुचणे’ या धातूचा विचार ज्या समीक्षेला सुचत नाही, तिने इंग्रजीच्या लवचिकपणावर व्याख्याने देऊ नयेत.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या वाक्याकडे वळतो. आल्थ्यूसेर यांनी १९७० च्या निबंधात विचारप्रणाली माणसाला कशी घडवते हे सांगताना रस्त्यावरील एक साधी घटना सांगितली : पोलीस मागून हाक मारतो, माणूस वळतो, आणि त्या वळण्यातच तो अंकित होतो. त्यांची संज्ञा जड आहे, पण संकल्पना हाकेवर उभी आहे. मराठीत ‘हाक’ आहे, ‘हाकारणे’ आहे, शिकारीतला ‘हाकारा’ही आहे. ‘पाटील हाक मारतो तेव्हा बाप अंग चोरून उभा राहतो’ या वाक्यात तो निबंध संक्षेपाने सामावला होता. तिने आल्थ्यूसेर वाचला नव्हता, आणि मी वाचला होता. तरी सिद्धान्त तिच्या वाक्यात होता आणि माझ्या वाक्यात त्याचे केवळ नाव होते.

६

येथे जे पणाला लागले आहे ते शैलीचे सौष्ठव नव्हे. क्रियापदाला कर्ता द्यावा लागतो. नामाला तो न देता चालते. ‘सावकार शोषतो’ म्हणताना सावकाराचे नाव घ्यावे लागते. ‘शोषण होते’ म्हणताना कोणाचेच घ्यावे लागत नाही. ‘वस्तूकरण’, ‘परिघीकरण’, ‘अमानवीकरण’ हे शब्द वापरणाऱ्यांचा हेतू बहुधा अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचा असतो. परंतु त्यांचे व्याकरण अन्याय करणाऱ्याला जामीन देऊन मोकळे होते. विद्रोही विचाराने इतके सरकारी गद्य का लिहावे?

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. तिन्ही शीर्षके नामे आहेत हे खरे. पण ती कशी नामे आहेत ते पाहावे. उपरा आणि अक्करमाशी ही समाजाने माणसाला चिकटवलेली नावे आहेत; बलुतं हे गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलेल्या सेवेच्या मोबदल्याचे नाव आहे. माणसाला नाम देऊन गोठवण्याची ही व्यवस्था, आणि त्या नामाच्या आत काय काय सोसले, मागितले, पळवले, गिळले, नाकारले गेले ते सांगणारी पुस्तकातील क्रियापदे, यांचा झगडा म्हणजे ही पुस्तके. त्यांच्यावर लिहिताना समीक्षा जर ‘अस्मितेचे प्रकटीकरण’ आणि ‘वेदनेचे सार्वत्रिकीकरण’ एवढेच म्हणत असेल, तर ती पुस्तकाच्या बाजूने बोलत नाही. लेखकाने एक नाम फोडून जे मोकळे केले ते ती दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित नामात पुन्हा कोंडते.

७

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की नामाशिवाय सिद्धान्त होत नाही. एखाद्या व्यापाराविषयी पुढचे विधान करावयाचे तर त्या व्यापाराला आधी एकत्र बांधून हातात धरता आले पाहिजे. वैज्ञानिक इंग्रजीचा अभ्यास करताना हॅलिडे यांनी क्रियेच्या अशा नामीकरणाला युक्तिवादाचे साधन मानले आहे, आणि ते रास्त आहे. मी स्वतः या लेखात ‘झीज’, ‘भेद’, ‘नामीकरण’ ही नामे वापरली आहेत. माझी अट एवढीच आहे, की नाम हे हुंडीसारखे असावे : मागितल्यावर त्याच्या बदल्यात सकर्तृक वाक्य चुकते करता आले पाहिजे. ‘अंतर्गतीकरण’ लिहिणाऱ्याला कोण, काय, कोणाच्या आत, कसे रुजवतो, हे विचारल्यावर सांगता आले तर ते नाम खरे. पुष्कळदा ते सांगता येत नाही, कारण त्या नामामागे वाक्य कधी नव्हतेच. ते थेट दुसऱ्या भाषेतील नामावरून उतरवलेले होते. आपल्याकडील नामांची गर्दी विचाराच्या घट्टपणातून झालेली नाही, ती उसनवारीतून झालेली आहे. 

दुसरा आक्षेप असा, की हे शुद्धिवादाचे नवे रूप आहे. ‘करणे’ हाही मराठीचा जुना आणि जिवंत धातू आहे, आणि त्याची संयुक्त क्रियापदे लोक रोज बोलतात. मान्य. ‘विचार करणे’ आणि ‘काम करणे’ यांवर माझा कसलाच रोष नाही, आणि ‘क्लिक करणे’ उद्या ‘क्लिकणे’ झाले नाही म्हणून मी सुतक पाळणार नाही. कोणता शब्द कोणत्या कुळातला, हा माझा प्रश्नच नव्हे. ‘बदलणे’ अरबी आहे म्हणूनच मी त्याचे उदाहरण दिले. प्रश्न आहे तो आपल्या वाक्यांत कोणी काही करते की नाही, हा.

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे. आणि त्याचेच अनेकवचन केले की ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. आपली समीक्षा गेली कित्येक वर्षे या दोन कामांतच गुंतली आहे : आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एखादे नवे नाम द्यायचे, आणि ते नाम न शोभणाऱ्या पुस्तकांना नावे ठेवायची. तिसरे काम राहून गेले आहे. पुस्तक काय करते ते सांगणे हे ते काम. त्यासाठी इंग्रजीची झिजलेली रूपे हेव्याने मोजत बसण्याची गरज नाही.

त्या विद्यार्थिनीचा कागद अजून माझ्यापाशी आहे. समासातील माझे वाक्य मी आता खोडले आहे. तिचे वाक्य मात्र लाल शाईखाली गेलेले आहे, ते वाचता येते, पण पूर्वीसारखे स्वच्छ दिसत नाही.